लाँगस्ट्रीटच्या मागे मागे, सहा दिवस

बाबांना न्यू जर्सीहून अटलांटाला दादाकडे सोडायचं होतं, मी विमानाची तिकिटं बघत बसले होते आणि बाबा म्हणाले अगं गाडीनंच जाऊया की, वाटेत मला तो लाँगस्ट्रीट बघायचाय. झालं असं की जूनमध्ये आल्यापासून त्यांनी माझ्या कपाटातली मायकेल शाराची 'द किलर एंजल्स' दोनदा वाचून काढली होती, शेजारी डिक्शनरी आणि हातात पेन्सिल घेऊन. बाबांनी सांगलीला हायस्कूलमध्ये बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यांना अमेरिकन यादवी युद्ध म्हणजे लिंकन आणि गुलामगिरीचा शेवट एवढं चांगलं माहीत होतं, पण हा जेम्स लाँगस्ट्रीट त्यांना या कादंबरीत भेटला आणि मग रोज जेवताना तोच विषय. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मला होती, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघंच निघालो.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८६१ ते १८६५ हे युद्ध झालं, गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली, त्यांच्या संघाला कॉन्फेडरसी म्हणतात, त्यांचा सगळ्यात मोठा सेनापती रॉबर्ट ई. ली, आणि लीचा उजवा हात म्हणजे लाँगस्ट्रीट, ज्याला ली 'माझा जुना लढाऊ घोडा' म्हणायचा. युद्ध हरल्यावर ली देव झाला आणि लाँगस्ट्रीट गद्दार. मग शंभरेक वर्षांनी एका कादंबरीनं त्याला परत माणसांत आणलं. हे कसं झालं ते जागेवर जाऊन बघायचं एवढाच आमचा प्लॅन.

दिवस पहिला : एडिसन ते गेटिसबर्ग

सकाळी सातला निघालो. आय-७८ नं पेनसिल्व्हेनियात शिरायचं, हॅरिसबर्गच्या पुढे रूट १५ नं खाली, साधारण तीन तास. आदल्या रात्री मी दशम्या करून घेतल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा, त्यामुळे वाटेत खाण्यासाठी कुठेच थांबायला लागलं नाही.

गाडीत बाबांना शाराची गोष्ट सांगितली कारण ती त्यांना माहीत नव्हती. हा माणूस आमच्याच न्यू जर्सीचा, जर्सी सिटीत १९२८ साली जन्मलेला, घर इटलीतून आलेलं. कुटुंबाला घेऊन गेटिसबर्ग, म्हणजे १८६३ च्या जुलैत ली जिथे हरला ते रणांगण, बघायला गेला आणि ती जागा त्याच्या डोक्यातून गेलीच नाही, मग कित्येक वर्षं खपून कादंबरी लिहिली, ती पंधरा प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी १९७४ ला छापून आली, १९७५ ला पुलित्झर मिळालं, तरी खप बेताचाच. १९८८ ला तो गेला. त्यानंतर पाच वर्षांनी १९९३ मध्ये 'गेटिसबर्ग' नावाचा सिनेमा आला आणि तेव्हा कुठे पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत वर गेलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे लेखकाचंही लाँगस्ट्रीटसारखंच झालं की गं, दोघांचं नाव झालं ते मेल्यावरच.

दुपारी व्हिजिटर सेंटर. तिथे पॉल फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराचं १८८४ चं सायक्लोरामा आहे, म्हणजे गोल भिंतभर एकच पेंटिंग, लांबी ३७७ फूट आणि उंची ४२ फूट, मधे उभं राहायचं आणि चारी बाजूंनी लढाई. पुढच्या जमिनीवर खरं कुंपण, मोडकी चाकं वगैरे मांडलीयत आणि खरं कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. बाबांना मी दोनदा हाक मारली तरी ते जागचे हलले नाहीत. संध्याकाळी गावात फिरलो, लिंकननं गेटिसबर्गचं गाजलेलं भाषण जिथे लिहून पूर्ण केलं ते विल्सचं घर बाहेरून बघितलं. थंडी होती, लवकर झोपलो.

दिवस दुसरा : गेटिसबर्ग

इथे एक चांगली सोय आहे, लायसन्स असलेले बॅटलफिल्ड गाइड मिळतात, तेच तुमची गाडी चालवतात आणि दोन तास सगळं मैदान फिरवतात. आम्हाला एक साठीच्या बाई मिळाल्या. बसल्या बसल्याच विचारलं, पुस्तक वाचून आलात की सिनेमा बघून? म्हणे निम्मी माणसं अजूनही कादंबरीतली ठिकाणं शोधत येतात. लिटल राउंड टॉपवर तर उत्तरेकडच्या मेन राज्याच्या २० व्या रेजिमेंटच्या त्या छोट्या स्मारकाशी रांग असते, कारण कादंबरीचा दुसरा हिरो म्हणजे तिथला कर्नल चेंबरलेन. ती टेकडी दुरुस्तीसाठी जवळजवळ दोन वर्षं बंद होती, २०२४ च्या जूनमध्ये उघडली, पायवाटा आता चांगल्या केल्यात, बाबांना काठी न घेता वर जाता आलं.

वरून समोर बघितलं की २ जुलै १८६३ चा सगळा वाद डोळ्यांसमोर येतो. लीला हल्ला करायचा होता. लाँगस्ट्रीटचं म्हणणं, इथे डोकं आपटू नका, शत्रूच्या डाव्या बाजूनं वळसा घालून त्याच्या आणि वॉशिंग्टनच्या मधे जाऊन उभे राहू, चांगली जागा धरू आणि त्यांनाच आपल्यावर येऊ दे. ली म्हणाला शत्रू तिथे आहे, मी तिथेच मारणार. मग लाँगस्ट्रीटची माणसं निघाली, वाटेत लक्षात आलं की या टेकडीवरच्या सिग्नलवाल्यांना आपण दिसतोय, मागे फिरून दुसऱ्या वाटेनं आली आणि हल्ला सुरू व्हायला दुपारचे चार वाजले. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेचा सगळ्यात शहाणा सेनापती त्या दिवशी रेंगाळला का, या एका प्रश्नावर पुढे पन्नास वर्षं लोकांनी कागद काळे केले.

बाई म्हणाल्या कादंबरी फार सुंदर आहे पण ती लाँगस्ट्रीटच्या शब्दावर फार विश्वास ठेवते. शारानं त्याचं १८९६ चं आत्मचरित्र मनापासून वाचलेलं, त्यामुळे कादंबरीतला लाँगस्ट्रीट म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांच्या खंदकांच्या लढाया आधीच दिसलेला माणूस वाटतो. खरा माणूस दोन तारखेला मनाविरुद्ध काम करत होता आणि ते त्याच्या कामात दिसलं, असं त्यांचं मत. मला ते पटलं. बाबांना अजिबात पटलं नाही. त्यांनी पुस्तक काढून पान दाखवलं, बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि दोघांचं आपापल्या इंग्लिशमध्ये दहा मिनिटं चाललं, मी मधे पडले नाही.

मग वेस्ट कॉन्फेडरेट अव्हेन्यूनं निघालो. या रस्त्यावर व्हर्जिनियाचं स्मारक आहे, १९१७ चं, उंच चौथऱ्यावर घोड्यावर बसलेला ली, मैलभरावरून दिसतो. त्याच रस्त्यावर पिट्झर वूड्स म्हणून झाडी आहे तिथे बाईंनी गाडी थांबवली. झाडांत, जमिनीवरच, चौथरा नाही काही नाही, घोड्यावर लाँगस्ट्रीट. घोड्याचं नाव हीरो. माणसाच्या मानानं घोडा लहान झालाय म्हणून लोक या पुतळ्याला नावं ठेवतात, आणि खरंच लहान आहे. पण मला आवडलं, कारण आपण सरळ त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतो, वर मान करायला लागत नाही. हा पुतळा बसला ३ जुलै १९९८ ला. म्हणजे लढाईनंतर १३५ वर्षं दक्षिणेच्या दोन नंबरच्या सेनापतीचा इथे पुतळाच नव्हता, तेराशेच्या वर स्मारकं असलेल्या या मैदानात! त्याची दुसरी बायको हेलन हिनं खूप खटपट केली होती, दुसरं महायुद्ध आलं आणि ते राहूनच गेलं. मग कादंबरी आली, सिनेमा आला, लोक येऊन विचारायला लागले की लाँगस्ट्रीट कुठाय, आणि वर्गणीतून हा उभा राहिला. कादंबरीमुळे पुतळा होणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.

बाबांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि पानिपतावर आले. मला वाटलंच होतं. भाऊसाहेबांनाही लोकांनी हट्टी, गर्विष्ठ म्हणून किती वर्षं झोडपलं आणि १९८८ ला विश्वास पाटलांची कादंबरी आल्यावर घराघरांत भाऊंकडे बघायची नजर बदलली. पण मग स्वतःच म्हणाले, नाही, हे वेगळं आहे बाळ. भाऊ रणात गेले, त्यांना काही ऐकावं लागलं नाही. हा त्यानंतर चाळीस वर्षं जिवंत होता आणि सगळं ऐकत होता.

दुपारी गाइडबाई गेल्यावर आम्ही दोघं ते मैदान चालत गेलो. व्हर्जिनियाच्या स्मारकापासून समोरच्या झाडांच्या झुबक्यापर्यंत गवतातून वाट आहे, मैलाच्या आत थोडंसं. ३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या, नंतर साधारण साडेबारा हजार माणसं या उघड्या शेतातून सरळ रेषेत चालत गेली, त्यालाच पिकेटचा हल्ला म्हणतात. लाँगस्ट्रीटनं लीला सांगितलं होतं की हे जमणार नाही. तरी हुकूम त्यालाच द्यायचा होता. पिकेट, त्याच्या हाताखालचा जनरल, विचारायला आला, सर निघू का, आणि लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना, त्यानं नुसती मान हलवली. हे कादंबरीत आहे आणि त्याच्या आत्मचरित्रातही. निम्म्याहून जास्त माणसं मेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली.

चालताना कळतं की जमीन सपाट नाहीये, मधे बारीक उतार आहेत, काही पावलं तुम्ही समोरच्याला दिसत नाही आणि मग एकदम दिसता. एमिट्सबर्ग रस्त्याशी कुंपण येतं. बाबा तिथे थांबले, दम लागला होता, पाणी प्यायले. आम्हाला पोचायला चाळीस मिनिटं लागली. वाऱ्याचा आवाज सोडून काही नव्हतं. पलीकडच्या दगडी भिंतीशी बसलो तेव्हा बाबांनी एक प्रसंग सांगितला जो मला सगळ्यात जास्त आवडतो. फ्रीमँटल नावाचा एक इंग्रज अधिकारी पाहुणा म्हणून आला होता, त्याची डायरी त्याच वर्षी छापली गेली. त्याला हल्ला फसलाय हे कळलंच नव्हतं, तो आनंदात लाँगस्ट्रीटला म्हणाला की हे बघायचं मी कशासाठीही चुकवलं नसतं. लाँगस्ट्रीट कुंपणावर बसला होता, तो म्हणाला मला मात्र हे चुकलं असतं तर फार बरं झालं असतं.

दिवस तिसरा : वाइल्डरनेस

सकाळी खाली व्हर्जिनियाकडे. अडीच तीन तासांचा रस्ता, शेवटी रूट ३. वाइल्डरनेस म्हणजे नावाप्रमाणे रानच, दाट आणि अंधारं. इथे ऑरेंज प्लँक रोडवर ६ मे १८६४ ला लाँगस्ट्रीटला त्याच्याच बाजूच्या सैनिकांची गोळी लागली, गळ्यातून आणि उजव्या खांद्यातून. तो घोड्यावरून उचलला गेला इतका जोर होता म्हणे. वाचला, पण उजवा हात कायमचा दुबळा झाला, डाव्या हातानं लिहायला शिकला आणि आवाज पुढे कुजबुजल्यासारखाच राहिला. रस्त्याच्या कडेला एक माहितीची पाटी आहे, गाड्या भरधाव जातात, पाच मिनिटं उभे राहिलो.

त्याच्या आदल्याच वर्षी इथून चारेक मैलांवर लीचा दुसरा मोठा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन यालाही स्वतःच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या होत्या. त्याचा डावा हात कापला, तो हात एलवूड नावाच्या घराच्या स्मशानात पुरलाय आणि त्या हातावर दगड आहे, लोक तो बघायला येतात, आम्हीही गेलो. जॅक्सन आठ दिवसांत गेला आणि संत झाला. लाँगस्ट्रीट जगला. मला तिथे उभं असताना सारखं वाटत होतं की लाँगस्ट्रीटही या रस्त्यावरच गेला असता तर दक्षिणेत गावोगाव त्याचे पुतळे असते आणि एकाही कादंबरीकाराला त्याची बाजू मांडायची गरज पडली नसती.

दिवस चौथा : रिचमंड

कॉन्फेडरसीची राजधानी. लाँगस्ट्रीटचं सगळ्यात मोठं दुःख याच गावातलं. १८६२ च्या जानेवारीत इथे स्कार्लेट फीव्हरची साथ होती आणि आठवड्याभरात त्याची तीन मुलं गेली. आधी तो मित्रांत रमणारा, पोकर खेळणारा माणूस होता, नंतर गप्प झाला. शारानं हे दुःख सगळ्या कादंबरीखाली ठेवलंय, जास्त बोलत नाही, रात्री तंबूबाहेर बसलेला माणूस आणि मधेच मुलांची आठवण, बस. मला वाटतं म्हणूनच तो लाँगस्ट्रीट आपला वाटतो, डावपेच बरोबर होते की चूक याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुपारी मॉन्युमेंट अव्हेन्यू. रुंद रस्ता, मधे झाडं, जुनी देखणी घरं, आणि चौकाचौकात रिकामी जागा. इथे ली, स्टुअर्ट, जेफरसन डेव्हिस, जॅक्सन, मॉरी असे कॉन्फेडरसीच्या बड्या माणसांचे एकेक पुतळे होते, २०२० च्या वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनानंतर ते निघाले, लीचा सगळ्यात शेवटी, ८ सप्टेंबर २०२१ ला. आता तिथे गोल बाग आहे. टेनिसपटू आर्थर अ‍ॅशचा पुतळा तेवढा आहे, तो याच गावचा. या रस्त्यावर लाँगस्ट्रीट कधीच नव्हता, त्यामुळे काढायचाही प्रश्न आला नाही. पण १८९० मध्ये लीच्या पुतळ्याच्या अनावरणाला तो स्वतः आला होता आणि जुन्या सैनिकांनी त्याचा जयजयकार केला होता. सैनिकांचं त्याच्यावर प्रेम होतंच, त्याला नावं ठेवणारे वेगळे.

ते कोण, तर पहिला जुबल अर्ली, लीच्या हाताखालचाच आणखी एक जनरल. १८७२ च्या जानेवारीत, ली जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर, यानं भाषणात सांगितलं की गेटिसबर्ग लाँगस्ट्रीटमुळे हरलो. पुढच्या वर्षी लीच्या तोफखान्याचा प्रमुख पेंडलटन यानं त्यात भर घातली की लीनं पहाटेच हल्ला करायला सांगितलं होतं आणि यानं ऐकलं नाही. लीच्याच स्टाफमधल्या अधिकाऱ्यांनी लिहून दिलं की असा काही हुकूम आम्हाला माहीत नाही. पण कोण ऐकतो, ली चुकू शकत नाही हे आधी ठरलेलं, मग चुकलेला दुसरा कोणीतरी पाहिजेच. हे सगळं पुढे पुस्तकांत उतरलं. रिचमंडचेच एक मोठे संपादक डग्लस साउथॉल फ्रीमन, त्यांनी १९३४-३५ मध्ये लीचं चार खंडांचं चरित्र लिहिलं, त्यालाही पुलित्झर मिळालं, त्यात लाँगस्ट्रीटवर चांगलाच ठपका आहे. हे फ्रीमन रोज ऑफिसला जाताना लीच्या पुतळ्याला सॅल्यूट करायचे. म्हणजे एक पुलित्झरवालं चरित्र त्याला खाली ढकलणारं आणि चाळीस वर्षांनी एक पुलित्झरवाली कादंबरी त्याला वर काढणारी. बाबा त्या बागेच्या कठड्यावर बसून हे सगळं वहीत लिहून घेत होते.

दिवस पाचवा : नुसता रस्ता

आय-८५, आठ तास, नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, बघण्यासारखं मी काही बघितलं नाही कारण ट्रक फार होते. पण या दिवशी गाडीत जे बोलणं झालं ते मला ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते.

मी बाबांना विचारलं की फक्त गेटिसबर्गमुळे एखाद्या माणसाचा एवढा राग का? ते म्हणाले मलाही तेच कळत नव्हतं. कादंबरी ३ जुलैला संपते, शेवटी चार ओळींत लिहिलंय की पुढे तो रिपब्लिकन झाला. मग त्यांनी घरी बसून बाकीचं वाचून काढलं होतं. आणि खरी गोष्ट तिथे आहे.

युद्धानंतर लाँगस्ट्रीट न्यू ऑर्लिन्सला राहायला गेला. १८६७ मध्ये त्यानं पेपरात पत्रं लिहिली की आपण हरलोय, नवे कायदे मान्य करा. सगळे उसळले. तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला. युद्धात उत्तरेचा सेनापती असलेला ग्रँट त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, ग्रँटची बायको त्याची चुलत नात्यातली, ग्रँट प्रेसिडेंट झाल्यावर १८६९ ला यानं त्याच्याकडून कस्टममधली नोकरी घेतली. आणि मग १४ सप्टेंबर १८७४. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर व्हाइट लीग नावाची गोऱ्यांची सशस्त्र संघटना निवडून आलेलं सरकार उलथवायला उतरली, त्यांत कितीतरी जुने कॉन्फेडरेट सैनिक. समोर पोलीस आणि काळ्या लोकांची मिलिशिया, म्हणजे राज्याची नागरी फौज, आणि त्यांच्या पुढे घोड्यावर लाँगस्ट्रीट! अकरा वर्षांपूर्वी ज्यांना घेऊन तो गेटिसबर्गला लढला तसल्याच माणसांच्या समोर. त्याला घोड्यावरून खाली ओढलं, जखमी करून कैद केलं. त्या दिवशी त्याची बाजू हरली, काही दिवसांनी केंद्राच्या फौजेनं येऊन सरकार परत बसवलं. व्हाइट लीगच्या सन्मानार्थ तिथे १८९१ ला स्तंभ उभारला गेला, तो थेट २०१७ मध्ये काढला.

बाबा म्हणाले, तारखा बघ. १८७३ ला पेंडलटन याला शिव्या घालतोय. त्याच १८७३ ला पुण्यात जोतिराव 'गुलामगिरी' छापतायत आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण करतायत. आणि पुढच्याच वर्षी गुलामांच्या मालकांचा हा सेनापती मुक्त झालेल्या माणसांच्या पुढे उभा राहतो. मी शाळेत ती अर्पणपत्रिका इतकी वर्षं शिकवली, ते म्हणाले, पण माझ्या डोक्यात अमेरिकेतलं ते काम १८६५ ला संपलेलं होतं. जोतिरावांचं पुस्तक छापून होत होतं तेव्हा तिकडे ते काम रस्त्यावर हरत चाललं होतं, हे मला कोणी सांगितलंच नाही.

लाँगस्ट्रीट काही महात्मा नव्हता, हेही बाबांनीच सांगितलं. १८६७ च्या पत्रांत त्याचा हिशोब होता की काळ्यांना मत मिळणारच आहे तर आपण सहकार करून ते आपल्या वजनाखाली ठेवू. पण मग तो त्या हिशोबाच्या बराच पुढे गेला. शाराच्या कादंबरीत एके ठिकाणी तो मनाशी कबूल करतो की युद्ध गुलामगिरीवरूनच आहे, आणि एक पळून आलेला काळा माणूस येतो तो चेंबरलेनच्या प्रकरणात, बाकी सगळी कादंबरी गोऱ्या माणसांची. मला कादंबरी आजही तेवढीच आवडते, रडवते मला. पण ज्या लाँगस्ट्रीटबद्दल लोकांना खरा राग होता तो त्या पुस्तकात जेमतेम दारापर्यंत येतो. त्यानं पिकेटला मान हलवली त्याबद्दल आपण दीडशे वर्षं बोलतोय आणि न्यू ऑर्लिन्सच्या त्या संध्याकाळवर अशी कादंबरी माझ्या तरी हाताला लागलेली नाही.

रात्री साडेआठला गेन्सव्हिल. हॉटेलवर मायक्रोवेव्हमध्ये खिचडी गरम केली.

दिवस सहावा : गेन्सव्हिल, जॉर्जिया

छोटं गाव, कोंबड्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. लाँगस्ट्रीट १८७५ च्या सुमारास इथे आला, पीडमाँट हॉटेल चालवलं, द्राक्षं लावली, टर्की पाळल्या. मूळ हॉटेल मोठं होतं, आता खालच्या मजल्याचा एक तुकडा उरलाय, तिथे छोटं म्युझियम आहे, थोडेच तास उघडं असतं म्हणून आधी चौकशी करून जा. पुढे प्रेसिडेंट झालेल्या वुड्रो विल्सनची मुलगी जेसी या हॉटेलात जन्मली १८८७ ला. १८८९ ला लाँगस्ट्रीटचं घर जळलं, कागद, युनिफॉर्म सगळं गेलं. तरी सत्तरी उलटल्यावर त्यानं आत्मचरित्र पूर्ण केलं, आणि वीसहून जास्त वर्षांच्या वादात हात इतका कडवट झालेला की पुस्तकात लीवरही सोडलं नाही, त्यानं त्याचंच नुकसान झालं.

१८९७ ला, पहिली बायको वारल्यावर, ७६ व्या वर्षी त्यानं चौतीस वर्षांच्या हेलन डॉर्चशी लग्न केलं. ही बाई विलक्षण. तो गेला त्याच वर्षी, १९०४ ला, तिनं त्याच्या बचावाचं पुस्तक छापलं. दुसऱ्या महायुद्धात, वय ऐंशीच्या आसपास, ती मॅरिएटाच्या बॉम्बर विमानांच्या कारखान्यात रिव्हेट मारायला जात होती. १९६२ पर्यंत जगली. म्युझियममध्ये तिचा फोटो बघून बाबा म्हणाले कादंबरी हिच्यावर पाहिजे.

मग आल्टा व्हिस्टा स्मशानभूमी. इथे दादा, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची रेवा अटलांटाहून आम्हाला भेटायला आली. २ जानेवारी १९०४ ला तो गेला, ८३ ला सहा दिवस कमी. सव्हानाच्या कॉन्फेडरेट महिला मंडळानं फुलं पाठवायची नाहीत असा ठराव केला होता. अंत्यविधीला बोलला तो सव्हानाचा बिशप कायली, जो पोरवयात त्याच्याच फौजेत शिपाई होता.

दगडापाशी कोणीतरी एक सिगार ठेवला होता, कादंबरीतला लाँगस्ट्रीट सारखा सिगार ओढत असतो म्हणून असणार. बाबांनी खिशातून पुस्तक काढलं, पुतळ्यापाशी मिळालेलं एक सुकं ओकचं पान त्यात होतं, ते सिगारशेजारी ठेवलं आणि वर बारीक खडा ठेवला, उडू नये म्हणून.

रेवानं विचारलं, आजोबा, हे कोण होते?

बाबा गवतावर बसले, तिला शेजारी बसवलं, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, न्यू ऑर्लिन्स नावाचं एक गाव आहे, तिथे एका संध्याकाळी रस्त्यावर खूप गर्दी जमली होती...